आवाजाचा कारभार

मोटारसायकलीच्या शेकडो सुट्या भागांपैकी ज्या भागावर कारखान्यातील अभियंत्यांनी, ध्वनिमापन करणाऱ्यांनी आणि कायद्याच्या जाणकारांनी मिळून अतोनात डोकेफोड केलेली असते, नेमका तोच भाग गाडी घरी आल्यावर मालक सर्वांत आधी उतरवतो, आणि त्याच्या जागी पेठेतल्या एखाद्या दुकानात दोन मिनिटे ऐकून पसंत केलेले नळकांडे बसवून समाधान पावतो, ही गोष्ट आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील विक्षिप्तपणा कुणाच्या ध्यानातही येत नाही. टायर बदलायचा झाला तर हाच गृहस्थ चार जणांना विचारतो, इंजिन-ऑइलच्या प्रतीवरून मित्रांशी तासन्‌तास हुज्जत घालतो. सायलेन्सरच्या बाबतीत मात्र कान हाच वादी, कान हाच साक्षीदार आणि कान हाच न्यायाधीश. गाडी गावातल्या गावात मिरवण्यापुरती असेल तर या निवाड्याची शिक्षा शेजारीपाजारी भोगतात आणि मालक निर्दोष सुटतो. परंतु ज्याला पुण्याहून स्पितीच्या खोऱ्यात किंवा मुंबईहून कन्याकुमारीला जायचे आहे, त्याला ती शिक्षा दिवसाकाठी आठ-नऊ तास स्वतःच्याच मस्तकात भोगावी लागते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रकारच्या मालकासाठी आहे.

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची जी दाट बाजारपेठ वसली आहे, तिथल्या दुकानांच्या छतांना ही नळकांडी ओळीने टांगलेली दिसतात. मेगाफोन, बॉटल, शार्क, डॉल्फिन अशी त्यांची नामावळी. काही दिल्लीच्या करोल बागेतून आलेली, काही शहराच्याच एखाद्या शेडमध्ये पत्रा वळवून, वेल्डिंग करून आणि वर बफिंग मारून सिद्ध झालेली, आणि काही काचेच्या कपाटात मानाने बसवलेली, ज्यांच्या अंगावर परदेशी नावे लेझरने कोरलेली असतात, परंतु किमतीवरून पाहता त्यांनी परदेश कधी पाहिला असेल असे वाटत नाही. गाडी कोणती, इंजिन किती सीसीचे, हे विचारण्याआधीच दुकानातला पोरगा विचारतो, "काका, बेस पाहिजे का कडक?" लांबच्या प्रवासासाठी हवा आहे असे सांगितले की तो निःशंकपणे उत्तरतो, "मग बेस घ्या. घाटात असा गुंजतो ना! आणि आत डीबी किलर पण आहे. चौकात पोलीस दिसला तर लावायचा, गावाबाहेर पडलं की एक नट काढला, बाहेर." सायलेन्सरच्या तोंडात बसणारी ती लहानशी अडथळ्याची नळी तळहातावर नाचवत त्याने दिलेला हा सल्ला जितका आकर्षक तितकाच चुकीचा आहे, कायद्याच्या दृष्टीने चुकीचा आहेच, पण त्याहूनही अधिक तो प्रवासाच्या दृष्टीने चुकीचा आहे, आणि ते समजून घेण्यासाठी त्या नळकांड्याच्या पोटात काय चालते याची थोडी विचारपूस करणे भाग आहे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी सिलिंडरात जळून उरलेल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो वायू बेंड पाइपात शिरतो तेव्हा त्याच्या पुढे दाबाची एक लाट धावते, आणि वायू अतितप्त असल्यामुळे ही लाट आपल्या ओळखीच्या हवेतल्या आवाजापेक्षा बरीच वेगवान, सेकंदाला पाचशे मीटरहून अधिक गतीने पुढे सरकते. नळी जिथे एकदम रुंद होते किंवा मोकळ्या हवेत उघडते तिथे तिचा काही भाग परत फिरतो, आणि परत फिरताना त्याचे रूप उलटे होते, म्हणजे दाबाऐवजी ओढ घेऊन तो इंजिनाकडे येतो. ही ओढ व्हॉल्व्हपाशी योग्य क्षणी पोहोचली तर उरलासुरला धूर खेचून घेते आणि ताज्या मिश्रणाला वाट करून देते. अवेळी पोहोचली तर तेच काम बिघडवते. नळीची लांबी, व्यास, सायलेन्सरातील कप्प्यांची जागा, हे सारे या येरझाऱ्यांच्या हिशेबाने मुक्रर केलेले असते. "फोर-स्ट्रोकला बॅक प्रेशर लागतोच" हे जे सूत्र प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते, ते त्या अर्थाने अर्धसत्य आहे. कोंडी कुठल्याच इंजिनाला प्रिय नसते. मोकळी नळी लावल्यावर खालच्या फेऱ्यांवर गाडी मंदावते याचे कारण कोंडी गेली हे नसून लाटांचे वेळापत्रक मोडले हे आहे.

तरीही सायलेन्सर बदलला की ताकद वाढते ही श्रद्धा आपल्याकडे एवढी दृढ का, याचे उत्तर मला वाटते दोन-स्ट्रोक गाड्यांच्या काळात सापडते. म्हैसूरला तयार होणाऱ्या जावा-येझदी आणि १९८५ साली आलेली यामाहा आर-एक्स १०० या गाड्यांवर ज्यांचे तारुण्य गेले, त्यांना ठाऊक असते की तिथे निःसारणाची नळी म्हणजे निम्मे इंजिनच. पूर्व जर्मनीतील एम-झेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाच्या अभियंत्याने पन्नाशीच्या दशकात या नळीला फुगीर पोट आणि निमुळते शेपूट देऊन तिच्यातील लाटांकडून असे काम करून घेतले की १९६१ सालापर्यंत त्याचे १२५ सीसीचे शर्यतीचे इंजिन २५ अश्वशक्ती देऊ लागले. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून सुझुकीला मिळाला आणि ही विद्या जपानला पोहोचली. अशा इंजिनाची नळी बदलणे म्हणजे खरोखरच त्याचा स्वभाव बदलणे होते. आजच्या इंजेक्शनवाल्या चार-स्ट्रोक प्रवासी गाडीला ती श्रद्धा जशीच्या तशी लावली की निराशाच पदरी पडते. नुसते मागचे नळकांडे बदलून फार तर एखाद्-दुसरी अश्वशक्ती वाढते, तीही बहुधा अशा वरच्या फेऱ्यांवर जिथे सामान लादलेली गाडी दिवसात चार-दोन वेळाच जाते. हिमालयातली खार्दुंग ला ही खिंड सुमारे ५३५९ मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. इंजिनाने तिथे गमावलेली ताकद जगातला कोणताही सायलेन्सर परत आणू शकत नाही.

आता त्या 'बेस'कडे वळू. सायलेन्सर स्थूलमानाने दोन जातींचे. कारखान्याचा जो असतो त्यात बहुधा आडव्या पडद्यांनी कप्पे पाडलेले असतात, एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या नळ्या असतात, आणि आवाजाच्या लाटा एकमेकींवर आदळून क्षीण व्हाव्यात अशी ती रचना असते. तिला वजन लागते, जागा लागते, पण खालच्या पट्टीतला घुमारा मारण्याचे सामर्थ्य तिच्यातच असते. पेठेतला जो असतो त्यात एक छिद्रांची नळी आरपार गेलेली असते आणि तिच्याभोवती ग्लासवूल भरलेले असते. काचतंतूंचा हा लोकर-थर वरच्या पट्टीतला कर्कश आवाज उत्तम रीतीने शोषतो, खालच्या पट्टीपुढे मात्र तो जवळजवळ हतबल असतो. म्हणजे दुकानदार ज्याला बेस म्हणून कौतुकाने विकतो तो मुद्दाम घडवलेला गुण नसून, त्या रचनेला जे आवरता आले नाही त्याचा तो शेष असतो.

हा शेष रस्त्यावर काय करतो ते पाहावे. रॉयल एन्फील्डची ४११ सीसीची हिमालयन घ्या, जी २०१६ साली आली आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गीय प्रवाशाने हिमालयात जिचा सर्वाधिक उपयोग केला. एक सिलिंडर, ७८ मिलिमीटर व्यास, ८६ मिलिमीटर लांबीचा स्ट्रोक, आणि ३२ न्यूटन-मीटर टॉर्क तोही चार-साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास. साहजिकच दिवसभराच्या प्रवासात इंजिन त्याच पट्ट्यात रमते. चार हजार फेऱ्यांना चार-स्ट्रोक इंजिनाचा एक सिलिंडर सेकंदाला ३३ वेळा धूर सोडतो, म्हणजे मूळ स्वर ३३ हर्ट्झ, कानाला ऐकू येण्यापेक्षा छातीला जाणवणारा. उभ्या गाडीला क्षणभर ॲक्सिलरेटर पिळून ऐकताना हा स्वर एकदा येतो आणि जातो, म्हणून तो भारदस्त वाटतो. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चालताना तो तसाच्या तसा टिकून राहतो आणि तिसऱ्या तासाला डोके धरते. हेल्मेट त्याला अडवत नाही. कानात घालायचे बोळेसुद्धा वरच्या पट्टीचा आवाज जितका अडवतात तितका हा अडवत नाहीत. ताशी शंभरच्या वेगात हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज ९५ डेसिबलच्या घरात जातो, त्यामुळे सायलेन्सरचे जे काही 'संगीत' असते ते वाऱ्यात बुडून जाते आणि स्वाराच्या वाट्याला उरते ती केवळ घरघर. नळकांड्याचे तोंड मागे वळलेले असल्यामुळे आवाजाचा चांगला भाग पाहिजेच असेल तर तो मागून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरला मिळतो, आणि त्याने तो मागितलेला नसतो.

इथे एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो की मोठा आवाज जीव वाचवतो, लोक बाजूला होतात. अमेरिकेत १९८१ साली हॅरी हर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांची जागेवर जाऊन केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की तीन-चतुर्थांशांहून अधिक प्रसंगी धोका स्वाराच्या समोरच्या बाजूला, सरळ रेषेपासून डावी-उजवीकडे ४५ अंशांच्या आत होता. धोका पुढे आणि तोफेचे तोंड मागे, अशी ही संरक्षण-व्यवस्था आहे. कुणाला हॉर्न वाजवावासा वाटला तर तो पुढच्या बाजूला असतो, हे त्या कारखानदाराचे शहाणपणच म्हणायचे.

वास्तविक या यंत्राच्या इतिहासात शांतता ही आरंभी चैनीची वस्तू होती. अमेरिकेतील इंडियाना प्रांतातल्या रीव्हज बंधूंनी १८९७ साली मोटारीच्या धुरनळीचा आवाज दाबणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. त्यानंतर बारा वर्षांनी हायरम पर्सी मॅक्सिम याने बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले आणि तेच तत्त्व तो इंजिनांनाही लावू लागला. त्याचा बाप म्हणजे मॅक्सिम मशीनगनचा जनक, जो आपल्याच शोधाच्या धडधडाटाने पुढे बहिरा झाला. बापाने आवाज जन्माला घालावा आणि मुलाने तो मिटवावा, असा योग त्या घराण्यात होता. पुढे शतक संपता संपता चक्र असे फिरले की हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९९४ साली आपल्या इंजिनाच्या आवाजालाच व्यापारचिन्ह म्हणून संरक्षण मागितले, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हरकतींशी झगडून २००० साली तो अर्ज मागे घेतला.

आपल्याकडचा कायदा या प्रकरणी जितका समजला जातो तितका मोघम नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२० प्रत्येक वाहनाला सायलेन्सर असलाच पाहिजे असे फर्मावतो. १७५ सीसीवरील दुचाकी कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि ती मोजली जाते वेग घेत जाणाऱ्या गाडीपासून साडेसात मीटरवर. म्हणून दुकानदार नळकांड्याजवळ मोबाइल धरून जे आकडे दाखवतो त्यांचा या मर्यादेशी काडीचाही संबंध नसतो, मग ते कमी असोत की जास्त. शिवाय डेसिबलचे गणित साधी बेरीज-वजाबाकी नव्हे. दहाने वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट आणि कानाला जवळजवळ दुप्पट मोठा आवाज. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी दाखल्यातील तपशील कारखानदाराच्या मूळ विवरणापेक्षा वेगळे पडतील असा बदल करण्यास मनाई करते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ खाली प्रत्येक बेकायदा बदलास ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि कलम १९०(२) खाली ध्वनी वा हवेच्या प्रदूषणाबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि वर तीन महिने परवाना स्थगित, अशी तरतूद झाली. चौकात तडजोडीने प्रत्यक्ष किती वसूल होतात हे राज्याराज्यांत वेगळे. जप्त झालेल्या पुंगळ्या रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवण्याचा समारंभ राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी केला आहे; त्याची छायाचित्रे छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी पेठेत मागणी कमी झालेली नसते.

युरोपात निदान एक शिस्त आहे. तिथे बदली सायलेन्सरची स्वतंत्र चाचणी होते आणि उत्तीर्ण झालेल्या नगावर वर्तुळातले ई अक्षर आणि मंजुरी देणाऱ्या देशाचा क्रमांक ठोकलेला असतो: जर्मनीचा १, इटलीचा ३, नेदरलँडचा ४. विकत घेताना ही खूण पाहावी, ती बनावट नसल्याची खातरजमा करावी, आणि आतली डीबी किलर नटाने नव्हे तर रिव्हेटने पक्की केलेली आहे ना तेही पाहावे. मात्र ही खूण म्हणजे आपल्या आरटीओची मंजुरी, असे कुणी समजू नये. आणि कागद असूनही सगळीकडे निभावते असेही नाही: ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताने २०२० च्या उन्हाळ्यात काही डोंगरी रस्त्यांवर अशा मोटारसायकलींना बंदी केली ज्यांच्या नोंदणीपत्रात उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलहून अधिक लिहिला होता. गाडी कायदेशीर, सायलेन्सर कारखान्याचा, तरी रस्ता बंद. डोंगरातल्या गावकऱ्यांची सहनशक्ती संपली म्हणजे काय होते त्याचा हा दाखला महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी टोळ्यांनी फिरणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मग सायलेन्सर बदलूच नये काय? बदलण्याची एक रास्त वेळ येते, आणि ती मी पुण्याच्या एका उपनगरातील गॅरेजमध्ये पाहिली. गाडी हिमालयनच, मालक एका कारखान्यात नोकरी करणारा तरुण अभियंता, गाडी वर्षभर घर ते कचेरी एवढीच धावायची आणि पावसाळ्यात कोकणात जायची. मिस्त्रींनी खाली बसून सायलेन्सरच्या पोटाला स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवले आणि किंचित दाबले, तर ते सरळ आत गेले. वरून पत्रा काळा कुळकुळीत, शाबूत. आतून मात्र पापुद्रे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात ती वाफ निघून जाते, पण चार-पाच किलोमीटरच्या फेरीत सायलेन्सर पुरता तापतच नाही आणि ते पाणी आम्लासह कप्प्यांत साचून राहते. त्यासाठीच तळाला एक बारीक छिद्र ठेवलेले असते. त्यातून थेंब पडताना पाहून कुणा शहाण्याने ते एम-सीलने बुजवून टाकले होते. "हे बघा," मिस्त्री म्हणाले, "गाडीनं नाही मारलं याला, माणसानं मारलं."

मिस्त्रींचे मत नवा ओरिजिनलच घ्यावा असे होते आणि माझेही तेच होते. अभियंता मात्र स्टेनलेस स्टीलचा, ई-खुणेचा, रिव्हेटवाला सायलेन्सर घेऊनच आला होता. कायद्याच्या काटेकोर वाचनात हाही बदलच, हे त्याला सांगून झाले होते. त्याची निवड मात्र पेठेतल्या कसोटीने झालेली नव्हती एवढे मान्य केले पाहिजे. पोलाद ३०४ प्रतीचे होते, जे खाऱ्या हवेत साध्या पत्र्याहून कितीतरी टिकते. टायटॅनियमची घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडी अधिक म्हणून ते हलके पडते, पण त्याच्या किमतीत स्पितीची एक वारी होते, असा त्याचा हिशेब. उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि ऑक्सिजन सेन्सर हे दोन्ही पुढच्या नळीत राहतात आणि नव्या नळकांड्याने त्यांना धक्का लागत नाही, हे त्याने आधीच पाहून घेतले होते. काही गाड्यांत कन्व्हर्टर सायलेन्सरच्या पोटातच असतो. तिथे पोकळ नळकांडे बसवणे म्हणजे प्लॅटिनम-पॅलेडियमचा तो मौल्यवान चाळणीखंड भंगारात टाकून विषारी धूर मोकाट सोडणे होय, आणि त्यावर पीयूसीवाल्याशी मखलाशी करणे हा प्रतिष्ठित धंदा नव्हे.

गाडी थंड होईतो मिस्त्रींनी कुणाला हात लावू दिला नाही. आदल्या संध्याकाळीच त्यांनी क्लॅम्पच्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते. अभियंत्याने बेंड पाइपही काढून साफ करायची इच्छा दाखवताच ते म्हणाले, "साहेब, बेंडला हात लावायचा नाही. ते दोन स्टड हेडमध्ये ॲल्युमिनियममध्ये बसलेत, गंजून एकजीव झालेत. तुटला एक, की तुमचं स्पिती माझ्या गॅरेजात." मागच्या टांगणीचा बोल्ट त्यांनी आधी नुसता सैल केला, मग क्लॅम्प उघडला, मग एका हाताने नळकांड्याचा भार तोलत ते हळूहळू पिळून मागे ओढले. सांध्यातले ग्राफाइटचे जुने पॅकिंग चुरा होऊन आले. नळीचे तोंड त्यांनी पॉलिश पेपरने सर्व बाजूंनी घासले, नवे पॅकिंग कोरडेच बसवले. शेजारच्या पोराने सिलिकॉनची ट्यूब पुढे केली ती त्यांनी खेकसून परत पाठवली, कारण सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करते, आणि इंजिनाच्या संगणकाला मग मिश्रण गरीब की श्रीमंत हेच कळेनासे होते.

नव्या नळकांड्याचे सगळे बोल्ट आधी केवळ बोटांनी आवळले गेले. टांगणीतला रबरी बुश जागेवर आहे, नळी कुठेही ताणून बसवलेली नाही, हे पाहून मगच इंजिनाकडून मागच्या बाजूकडे अशा क्रमाने पाना फिरला. उलट क्रमाने आवळले की नळी वाकडी धरली जाते, आणि पाचशे-हजार किलोमीटरच्या थरथराटात टांगणीचा कान तुटतो. तो नेमका अशा जागी तुटतो जिथे वेल्डिंगवाला पन्नास मैलांत नसतो. त्यानंतर मिस्त्रींनी दोन धिप्पाड पोरांना सीटवर बसवून सॅडल बॅगा अडकवायला लावल्या, मागचे सस्पेन्शन पुरते दबवले आणि स्विंग आर्म व नळकांडे यांच्यामधून आडवे बोट फिरवले. बोट फिरले. बॅगेचे नायलॉन मात्र अगदीच जवळ येत होते, तेव्हा मध्ये पत्र्याची एक ढाल बसवायचे ठरले. डबल स्टँड असलेल्या कित्येक गाड्यांत स्टँडचा टेकू मूळ सायलेन्सरलाच असतो आणि तो गेला की स्टँड चेनवर आपटत राहतो. इथे तसे नव्हते, तरी त्यांनी वाकून पाहिले. शेवटी स्पिरिटच्या फडक्याने स्टेनलेसवरचे बोटांचे सगळे ठसे पुसून काढले गेले, कारण पहिल्याच तापण्यात हाताचे तेल जळून पत्र्यावर कायमचे डाग उठतात.

इंजिन चालू झाल्यावर सांध्यापाशी साबणाचे पाणी लावून फुगे पाहिले. हा सोपस्कार केवळ धूर गळू नये म्हणून नव्हे. सांधा सैल असेल तर दोन धडक्यांच्या मध्ये तो बाहेरची हवा आत ओढतो, ॲक्सिलरेटर सोडल्यावर आत उरलेले अर्धवट जळलेले मिश्रण त्या हवेत पेट घेते आणि उतारावर गाडी फटफट फटाके सोडू लागते. शिवाय तीच हवा सेन्सरला फसवते. रस्त्यावर काही पोरे चालत्या गाडीची किल्ली बंद-चालू करून मुद्दाम जो बार काढतात त्याचे मूळही हेच, फरक इतकाच की तिथे न जळलेले पेट्रोल हौसेने तापलेल्या नळीत सोडलेले असते, आणि त्या बारासरशी कन्व्हर्टरचा चाळणीखंड तडकतो तो दुरुस्त होत नाही.

अभियंता एक चक्कर मारून आला. हेल्मेट काढले, गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, एकदा ॲक्सिलरेटर पिळून ऐकले, आणि थोड्या हिरमुसल्या स्वरात म्हणाला, "मिस्त्री, आवाज काही विशेष वाढला नाही हो."

"मग पैसे कशाचे दिले?" मिस्त्रींनी पाना पुसत विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता बिलावर खालच्या बाजूला शेरा मारला: पाचशे किलोमीटरनंतर क्लॅम्प व टांगणी पुन्हा आवळून घेणे; तळाचे छिद्र बुजवू नये.